खालचं बटन

"ठीक आहे" वर अंगठा पडला आन् गेलं.

सगळं गेलं. पापणी लवायच्या आत गेलं. अ‍ॅप उघडलं तर ते नवं कोरं, जसा आत्ताच फोन डब्यातून काढला, मला म्हणून राहिलं, स्वागत आहे, आपला जिल्हा निवडा. म्या निवडला, हिंगोली. तालुका निवडला, सेनगाव. म्हणलं आतमधी कुठं दबलं असंल, वर सरकवलं, खाली सरकवलं, फोन बंद करून चालू केला. मुक्तावहिनीचे चार फोटो व्हते त्याच्यात, मुगाच्या शेतातले. दोन दिसाआधी ह्याच डोळ्यानं पाहिलेले. न्हाई. एक बी न्हाई. मांडीवर पोरगी रडून राहिली, समोर दत्ताभाऊ उभा, बोटात जीपची चावी गरगर फिरवत, आन् तो म्हणला, "झालं ना साफ? दे मंग."

असा दे म्हणला जसा धुवायला टाकलेला शर्ट मागतो.

थांबा, अशानं तुमाला कळायचं न्हाई. दिवाळी अंकाच्या बाई म्हणल्या, पंचशीला, तुझ्या धंद्याबद्दल लिही. म्हणलं बाई, मी धाव्वी नापास, मला कुठं लिहाया येते. तर म्हणल्या फोनमधी बोल, तो लिहितो. म्हणून बोलून राहिले. मधी पोरगी रडली तर फोन ते बी लिहून टाकंल, समजून घ्या.

गोरेगावात मुमताज आपाचं बांगड्याचं दुकान हाये. त्या दुकानात एका कोपऱ्याला टेबल, एक स्टूल, एक चार पिनांचा बोर्ड, आन् भिंतीला पाटी, 'लेडीज मोबाईल प्रॉब्लेम'. ते मी. दुरुस्ती मला येत न्हाई. स्क्रू कुठून खोलते ते बी ठाऊक न्हाई. पण चौकातल्या मोबाईलच्या दुकानात सगळे टगे पोरं बसून राहतेत, बाईनं फोन दिला की आधी फोटो पाहतेत, मंग प्रॉब्लेम इचारतेत. म्हणून बाया माझ्याकडं येतेत. बांगड्या भरल्या, फोन दाखवला, गेल्या. लोक मला इंजिनेर म्हणतेत. एक आजी तर डाक्टरीण म्हणते, फोनच्या संगं गुडघा बी दाखवते.

आता माझी सगळी इद्या सांगते, दोन मिनटात व्हईल.

अ‍ॅप म्हणजे एक बाई समजा, स्वयंपाक करणारी. दर बारीला मीठ-मिरची डब्यातून काढायला कोण उठंल, म्हणून ती चिमूट चिमूट चुलीपाशी काढून ठेवते. हाताशी असलं की काम भरभर. त्याला फोनमधी कॅशे म्हणतेत. पण काढता काढता चुलीपाशी इतकं साचते, शिळंपाकं, सांडलेलं, की तिलाच हात हलवायला जागा उरत न्हाई. मंग अ‍ॅप अटकते. तुमी म्हणता, फोन खराब, नवा घ्या. काही खराब न्हाई. सेटिंगमधी जायचं, त्या अ‍ॅपचं नाव धुंडायचं, स्टोरेज म्हणून असते ते उघडायचं, तिथं दोन बटनं. वरचं, कॅशे साफ करा. ते दाबलं की चुलीपाशचं झाडलं जाते. डबे जागच्या जागी. काहीच जात न्हाई.

खालचं बटन, डेटा साफ करा. ते दाबलं की डबे बी बाहेर, भांडे बी बाहेर, आन् ती बाई कोणाची कोण व्हती ते बी ती इसरून जाते.

दहापैकी आठ बारी वरच्यानं भागते. उरलेल्या दोन बारी फोन बंद करून चालू केला की भागते. एवढ्यावर माझी पाटी लागली. तुमच्याकडं शहरात एवढ्यावर लोक टाय घालून बसतेत म्हणे.

खालच्या बटनाचा धडा मला गयाबाई काकूनं दिला. काकूचा नातू दूर शहरात, त्याला पाहायचं अ‍ॅप काकूच्या फोनमधी. ते उघडंना. म्या वरचं बटन दाबलं, न्हाई उघडलं. नवी व्हते, हुशारी अंगात, दाबलं खालचं. अ‍ॅप झटकन उघडलं आन् म्हणलं पासवर्ड टाका.

"काकू, पासवर्ड काय?"

"नातवानं आमच्या ह्यांचं नाव टाकलंय, म्हणला आजी तू इसरणार न्हाई."

"बरं, काय नाव?"

काकूनं पदर तोंडाला लावला. "अगं माय, नाव कसं घिऊ?"

"काकू, कानात सांगा."

"कानात बी नावच असते ना वं."

आपा तिकडून बांगड्या पुसता पुसता म्हणली, "अरे अम्मा, इत्ता क्या शरमाना, लिख के देव!" काकूला लिहाया कुठं येते. अर्धा तास. बाया जमल्या. कोणी म्हणे नवऱ्याला बोलवा, तर ते वारून बारा वर्षं झाले. शेवटी म्या म्हणलं, काकू, उखाण्यात घ्या. तव्हा कुठं काकू खाकरल्या, पदर सारखा केला, फोनकडं तोंड करून म्हणल्या, "बांगड्याच्या दुकानात काचंचा चुडा, किसनरावाचं नाव घेते, नातू दाखव थोडा."

टाकलं किसनराव. चुकीचा पासवर्ड.

म्हणलं काकू, राव काढून पाहू का? काकू तडकल्या. "बिनरावाचं म्या आजवर मनात बी न्हाई म्हणलं!" टाकलं नुसतं किसन, तर उघडलं. नातू दिसला तर काकू पहिलं वाक्य काय बोलल्या, "मेल्या, आजाचा राव काहून खाल्ला?"

हसले सगळे. पण घरी जाताना म्या सोताला इचारलं. पासवर्ड कोणालाच ठाऊक नसता तर? म्हणून त्या दिसापासून म्या कायदा केला. खालचं बटन दाबायच्या आधी दोन गोष्टी इचारायच्या. पासवर्ड ठाऊक हाये का? आत काही पाठवायचं राहिलंय का? आन् फोन ज्याचा त्यालाच इचारायचं, आणणाऱ्याला न्हाई.

हे शेवटलं लई अवघड. कारण फोन कोणाचा, हे आमच्याकडं कोणी इचारतच न्हाई. बाईचा फोन गडी घिऊन येतेत. रिचार्ज त्यानं मारलं म्हणून फोन त्याचा. एक जण आला, "बायकोचा फोन हाये, सगळं साफ करून दे." म्हणलं भाऊ, काय अटकतंय? "काही न्हाई, हसून राहते फोन पाहून." म्हणलं हसण्याचं बटन ह्या फोनमधी न्हाई, भाऊ. तो गेला बडबडत. तव्हा मी लई शूर. कारण तो चालत आला व्हता, जीपमधी न्हाई.

आता जीपचं सांगते.

आमचं गाव गोरेगावाहून आठ किलोमीटर. दत्ताभाऊ आमच्याच गल्लीतला. सकाळी त्याची काळी-पिवळी जीप, संध्याकाळी पाचला त्याचीच. जीपमधी चौदा माणसं, वर दोन, मागं लटकलेले येगळे. पण पुढची खिडकीपाशची सीट तो माझ्यासाठी धरून ठेवायचा. लेकराची माय हाये, म्हणायचा, उठा तिथून. माझी पोरगी, मित्रा, तव्हा सात महिन्याची. नवरा पुण्याकडं कंपनीत. ती सीट न्हाई तर धंदा न्हाई, एवढं सरळ. सासू रोज सांगायची, "दत्ताशी नीट राहाय, त्याच्यामुळं तू कामाला जातीस." मी नीटच राहायची. उतरताना दर बारीला म्हणायची, येते भाऊ.

मुक्तावहिनी ह्याच दत्ताभाऊची भावजय. तिचा नवरा मरून तीन वर्षं झाले. लेकरू न्हाई. घराच्या मधी भिंत घातलेली, दोन खोल्या तिच्या, बाकी दत्ताभाऊच्या. दोन एकर वावर तिच्या नावानं. दत्ताभाऊ गावभर सांगायचा, वहिनीला कुठं वाहाया येते, वावर मीच करतो. आन् वावर तर ती एकटी करायची, आमी पाहत व्हतो ना, डोक्यावर टोपलं घिऊन जाताना.

तर सरकारी पीक नोंदीचं अ‍ॅप असते. शेतकऱ्यानं वावरात उभं राहून, उभ्या पिकाचा फोटो काढून, आपण काय पेरलं ते त्याच्यात टाकायचं. मंग ते सातबाऱ्यावर चढते. न्हाई टाकलं तर वावर पडीक दिसते, आन् वहिनीला वावर जमत न्हाई हे दत्ताभाऊचं बोलणं कागदावर खरं ठरते. वहिनी म्हणली, "पंचशीला, मला एकदा माझ्या हातानं चढवू दे. हा दरसाल म्हणतो मी चढवतो, आन् काय चढवतो ते देव जाणे."

म्या तिला शिकवलं. इथं दाब, इथं उभी राहाय, फोन हलवू नको. वहिनी तिसरी शिकलेली, पण एका दिसात शिकली. वावरात रेंज न्हाई, म्हणून फोटो आधी फोनमधीच राहतेत, रेंजमधी आलं की पाठवा म्हणायचं. आन् हे ध्यानात ठेवा, त्या अ‍ॅपमधले फोटो अ‍ॅपमधीच राहतेत, फोनच्या बाकी फोटोत जात न्हाईत. ती दुकानात आली, मला चार फोटो दाखवले. मूग शेंगांनी लदलेला, एका फोटोत तिचा हात, हिरव्या बांगड्या, आपाच्याच दुकानातल्या. म्हणली, "पाठवा म्हणलं की चाक फिरून राहते, जात न्हाई." म्या पाहिलं, त्या दिसी सगळ्यांचंच चाक फिरून राहिलं व्हतं. म्हणलं वहिनी, घाई नको, फोटो हायेत आत, दोन दिसांनी पाठवू. फक्त कोणाला फोन दिऊ नका.

असं म्या सोता म्हणलं व्हतं.

वहिनीनं तोवर मूग तोडला, पावसाचं आभाळ आलं व्हतं, थांबून कसं जमंल. तिच्या खोल्यात लाईट दत्ताभाऊच्या मीटरवर, त्यानं ती बंद ठेवलेली, म्हणून फोन चार्जिंगला त्याच्याच ओसरीत. आन् तिसऱ्या दिसी सकाळी तोच फोन घिऊन दत्ताभाऊ माझ्यापुढं.

"वहिनीचं पिकाचं अ‍ॅप अटकलंय. साफ करून दे. तिनंच पाठवलंय."

पोरगी रडून राहिलेली, दोन बाया बांगड्यासाठी हात पुढं करून बसलेल्या, आपा म्हणून राहिली, जल्दी कर बेटी. म्या वरचं बटन दाबलं. अ‍ॅप उघडलं, चाक फिरलं, जागच्या जागी.

"न्हाई झालं," मी म्हणले. "राहू द्या भाऊ, वहिनी येतील तव्हा..."

"खालचं दाब ना."

"त्यानं सगळं जाईल, भाऊ."

"काय जाते? काही न्हाई आत. तिला कुठं येते त्यातलं. दाब, मला भाडं हाये."

फोन सोता सांगून राहिला व्हता, ह्या अ‍ॅपचा सगळा डेटा कायमचा हटवला जाईल. म्या वाचलं. धाव्वी नापासला बी एवढं वाचता येते. त्याच्याखाली दोनच शब्द, एक रद्द करा, एक ठीक आहे. घर जळून गेलं तरी फोन ठीक आहे असंच म्हणते. माझा कायदा, पासवर्ड इचार, राहिलंय का इचार, ज्याचा फोन त्याला इचार, तिन्ही तोंडात आले. आन् समोर ती चावी फिरून राहिलेली. मला चावी दिसली न्हाई, मला सीट दिसली.

दाबलं.

तो गेल्यावर पाच मिनटांनी माझ्या डोक्यात लाईट लागली. ह्याला काहून ठाऊक, खाली दुसरं बटन असते म्हणून? गावात कोणाला ठाऊक न्हाई. चौकातल्या टग्यांनी सांगतलं असंल. म्हणजे तो आधी तिकडं गेला व्हता, शिकून आला व्हता. मंग तिथंच काहून न्हाई दाबलं? सोता काहून न्हाई दाबलं? कारण उद्या कोणी इचारलं तर अंगठा माझा पायजे व्हता. पाटी माझी व्हती ना भिंतीला.

म्या आपाला सांगतलं. आपा हातातली बांगडी खाली ठेवून म्हणली, "या अल्ला. अब चुप बैठ. किसी कू बोलना नक्को. ये दुकान है, कोरट नै."

त्या दिसी संध्याकाळी जीपमधी सीट पुसून ठेवलेली. मित्रासाठी बिस्किटाचा पुडा. दत्ताभाऊ समोर पाहत म्हणला, "ते सरकारी अ‍ॅपच खराब असते, पंचशीला. तू काय करशील." आन् मी म्हणले, व्हय भाऊ. बिस्किट बी खाऊ घातलं लेकराला. थुंकावं वाटते मला सोतावर.

दुसऱ्या दिसी त्याच्या वळखीचा ट्रॅक्टर वहिनीच्या वावरात फिरला. मुगाचं धसकट बी राहिलं न्हाई. फोटो काढायचा तर उभं पीक पायजे, तिथं सपाट माती. वहिनी दुकानात आली. फोन टेबलावर ठेवला आन् म्हणली, "पाय बरं, कुठं लपले."

म्हणलं वहिनी, गेले. म्या साफ केलं.

कोणी आणला ते म्या सांगतलं न्हाई. तिनं इचारलं बी न्हाई. तिला ठाऊक व्हतं, ती मला टाईम दिऊन राहिली व्हती.

वहिनी गप बसणारी न्हाई. तलाठी मॅडमकडं गेली. मॅडम भल्या, म्हणल्या पाहू, शेजारी बोलवा, पंचनामा करू. वावरात पाच-सहा माणसं जमले. शेजारचे दोघं म्हणले, आमी वावरात नसतो, काय ठाऊक. त्या दोघांचे पोरं दत्ताभाऊच्या जीपनं शाळेत जातेत. मंग मॅडम म्हणल्या, फोटो होते हे कोणी पाहिलं? वहिनीनं माझ्याकडं बोट केलं.

सगळे माझ्याकडं पाहून राहिले. दत्ताभाऊ बांधावर, जीपला टेकून, मित्राला पाहून हसला.

म्या सांगतलं, फोटो व्हते. चार व्हते. मूग उभा व्हता. वहिनीचा हात व्हता, हिरव्या बांगड्या व्हत्या. मॅडम लिहून राहिल्या. मंग म्हणल्या, "फोटो गेले कसे?"

"चुकून, मॅडम. माझ्याकडून. खालचं बटन दाबलं गेलं."

"फोन तुझ्याकडे कोणी आणला होता?"

आन् मी म्हणले, "ध्यानात न्हाई."

बघा, मोठी हुशारी केली. वहिनीला तिचा मूग दिला, दत्ताभाऊला त्याची इज्जत दिली, मला माझी सीट. वहिनीच्या नावानं मूग चढला. घरी आल्यावर सासू म्हणली, लई शहाणपणानं वागलीस. मला वाटलं वहिनी जवळ येईल, हात धरंल. ती आली, माझ्या तोंडाकडं पाहिलं आन् म्हणली, "फोटोतल्या बांगड्याचा रंग ध्यानात हाये तुझ्या."

बस, एवढंच. गेली.

मला वाटलं आता ती कधी येणार न्हाई. आठ दिसांनी आली. चार्जर काढला, माझ्या टेबलाखालच्या बोर्डात लावला, फोन ठेवला. म्हणली, "आतापासून इथंच चार्ज करीन. तुझ्या नजरेखाली." इश्वास व्हता का परीक्षा, मला आजवर कळलं न्हाई. रोज गोरेगावला जाणाऱ्या एका बाईच्या हाती वहिनी सकाळी फोन पाठवायची, दत्ताभाऊला दिसू नये म्हणून, संध्याकाळी मी तिच्या घरी नेऊन द्यायची. दत्ताभाऊच्याच जीपमधून, त्याच्याच बाजूच्या सीटवर, पिशवीत. त्याला ठाऊक नव्हतं. असं मला वाटायचं.

आता हिवाळ्याचं सांगते, मंग झालं. वहिनीनं हरभरा पेरला. घाटे धरले. फोटो काढले, ह्या बारी सहा काढले, मला शिकवायची गरज न्हाई पडली. चाक परत फिरून राहिलेलं, त्या अ‍ॅपला चाकाची हौसच लई. फोन माझ्या टेबलाखाली. हरभरा दोन दिसात सोंगायचा, म्हणजे कापायचा व्हता. आपा नमाजला आत गेलेली. पाचला पाच मिनटं कमी. बाहेर जीप भरलेली, माणसं दरवाजाला लटकलेले, आन् दत्ताभाऊ दुकानात आला.

"पंचशीला, वहिनीचा फोन दे. तिनं मागवलाय."

"इथं न्हाई, भाऊ."

तोंडातून निघून गेलं. त्यानं बोर्डाकडं पाहिलं, बोर्डातून वायर निघते, टेबलाखाली जाते, तिथं उजेड लुकलुकून राहिला. त्यानं त्या वायरीवरून नजर हळूहळू माझ्यापस्तोर आणली.

"बराबर," तो म्हणला. "मंग चाल. शेवटची जीप हाये. सीट धरून ठेवली. पिशवी माझ्याकडं दे, लेकरू सांभाळ तू." आन् हात पुढं केला.

त्या टेबलाखाली वाकून म्या फोन काढला. फोन गरम व्हता. मित्रानं तो माझ्या हातातून घेतला आन् तोंडात घातला. बाहेर हॉर्न वाजून राहिला. लोक वरडून राहिले, काहून उशीर, बाई चढते का न्हाई. आठ किलोमीटर, कडेवर लेकरू, आन् उद्या सकाळी परत यायचंच. परवा बी. तेरवा बी.

तुमच्या दारात गाडी उभी असंल, तुमची सीट कोणी धरून ठेवत नसंल. तरी मनाला इचारून सांगा. तुमी त्या हातात काय दिलं असतं?